पुढच्या पानाचा भाव

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषयही जरा वेगळा आहे. सवडीने वाचा. घरात वीस ते तीस वयाचा मुलगा असेल तर मात्र आजच वाचा.

‘पोकर हा जुगार की कौशल्याचा खेळ?’ हा वाद गेली काही वर्षं कोर्टात चाललाय, टीव्हीवर चाललाय आणि आता आपल्या ओसरीवरही येऊन बसलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पोकरमध्ये कौशल्य आहे, भरपूर आहे. आणि तरीही ‘कौशल्य आहे’ एवढ्याच जोरावर कोणी घरचे पैसे टेबलावर नेत असेल तर त्याचा हिशेब कच्चा आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. कशी, ते एकाच डावावरून दाखवतो. त्या डावाला पोकरवाले ‘ड्रॉ’ म्हणतात, म्हणजे अजून पुरा न झालेला हात.

मला हे सांगायचा अधिकार काय? सावंतवाडीत तीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. संभाव्यतेचा धडा आला की मुलं पेंगायची, म्हणून मी वर्गात पत्त्यांचा कॅट न्यायचो. पत्त्यांचं आमच्या गावाला वावडं नाही. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा रंगांचे, अजूनही इथं हातानं रंगवले जातात. निवृत्तीनंतर आम्ही पाच-सहा जण शनिवारी रात्री माझ्या पडवीत जमतो. एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, एक औषधवाले, एक काजूचे व्यापारी, असे. खेळतो पोकर, पण पैशांवर नाही, चिंचोक्यांवर. प्रत्येकाला ५०० चिंचोके मोजून देतो. मधे पितळी परात. रात्री अकराला चिंचोके परत डब्यात.

ज्यांनी तीनपत्ती खेळलीय त्यांना पोकर समजायला पाच मिनिटं पुरतात. तीनपत्तीत तुमची तिन्ही पानं सुरुवातीलाच हातात येतात, पुढे फक्त चाल, नाहीतर पॅक. पोकरमध्ये, म्हणजे टेक्सास होल्डेम प्रकारात, हातात दोनच पानं. बाकीची पाच सगळ्यांची मिळून, टेबलावर उघडी. आधी तीन एकदम उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, त्याला टर्न. मग शेवटचं, रिव्हर. या सात पानांतून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, तो परात उचलतो. आणि गंमत अशी, की प्रत्येक उघडण्याच्या आधी-नंतर पैसे लावायचे असतात. थोडक्यात, पुढचं पान बघायचं असेल तर त्याचा भाव मोजावा लागतो. ‘नो-लिमिट’ म्हणजे भावाला वरची मर्यादा नाही. समोरचा वाटेल तेव्हा आपले सगळेच्या सगळे पुढे सरकवू शकतो.

आता डाव. माझ्या हातात बदामाची अठ्ठी आणि नव्वी. फ्लॉपवर आलं बदामाचा राजा, बदामाची दुर्री आणि इस्पिकची सत्ती. माझ्याकडे आत्ता काय आहे? काहीच नाही. एक जोडी नाही. पण बदामाची चार पानं झालीत. पाचवं आलं की रंग, म्हणजे फ्लश, आणि तो बहुतेक हातांना मारतो. परातीत १०० चिंचोके आहेत. कंडक्टरसाहेब माझ्या आधी बोलतात आणि ५० लावतात. त्यांच्याकडे राजाची जोडी असावी असा माझा अंदाज.

इथं नवखा माणूस काय करतो? त्याला ‘वाटतं’. आज बदाम येणार असं वाटतं, किंवा मघाशी तीनदा हुकलं म्हणजे आता लागणारच असं वाटतं. पत्त्यांना मघाचं काही आठवत नसतं. ५२ पैकी ५ पानं मी पाहिलीत, ४७ नाहीत. बदाम एकूण १३, त्यातले ४ दिसले, ९ बाकी. पुढचंच पान बदाम असण्याची शक्यता ४७ त ९, म्हणजे १९ टक्क्यांच्या जरा वर. टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळाली तर ३५ टक्के. पाठीमागच्या तीन डावांत काय झालं याचा या आकड्याशी काही संबंध नाही.

आता भाव. ५० मोजून मी १५० साठी भांडतोय: आधीचे १०० आणि त्यांचे ५०. माझे धरून परात २०० ची होईल. म्हणजे चारात एकदा तरी जिंकलं पाहिजे, २५ टक्के. माझी शक्यता १९. सरळ हिशेबाने हे पान महाग आहे, पॅक करायला हवं.

पण थांबा. कौशल्य इथून पुढे सुरू होतं.

हाच प्रसंग ४७ वेळा आला असं धरा. ३८ वेळा बदाम येणार नाही आणि मी तिथंच सोडून देईन. गेले ३८ गुणिले ५०, म्हणजे १९०० चिंचोके. ९ वेळा रंग लागेल. तोटा भरून काढायला त्या प्रत्येक वेळी मला साधारण २११ मिळायला हवेत. १५० तर परातीत आहेतच. उरलेले ६१ मला रंग लागल्यावर कंडक्टरसाहेबांकडून काढता आले पाहिजेत, सरासरीने. म्हणजे प्रश्न बदलला. ‘बदाम येईल का?’ हा प्रश्न माझ्या हातात नव्हताच. ‘आला तर समोरचा अजून ६१ देईल का?’ हा मात्र विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला माणूस ओळखावा लागतो, त्याच्यासमोर किती चिंचोके उरलेत ते मोजावं लागतं. त्यांच्याकडे ४० च उरले असतील तर ६१ येणार कुठून? मग तोच हात, तीच पानं, तोच भाव, आणि तरी पॅक.

आणि दुसरी गोष्ट: मी बसलोय कुठे.

पोकरमध्ये एक गोल चकती असते, तिला बटन म्हणतात. ती ज्याच्यासमोर, तो फ्लॉपपासून पुढे प्रत्येक फेरीत सगळ्यात शेवटी बोलतो. दर डावाला ती एक घर पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येकाला ती जागा सारखीच मिळते. काजूच्या लिलावात जो सगळ्यांचे आकडे ऐकून मग तोंड उघडतो त्याचा फायदा आपल्याला ठाऊक आहे. बटनवरच्या माणसाचं तेच.

ड्रॉ हातात असताना ही जागा किती मोलाची ते बघा. टर्नला बदाम आला. कंडक्टरसाहेब आधी बोलणार. त्यांनी लावलं तर मी वाढवतो. त्यांनी ‘चेक’ म्हटलं, म्हणजे काही न लावता पुढे ढकललं, तर मी लावतो. माझे ६१ निघायची वाट दोन्हीकडून मोकळी. आता उलटं धरा, मी आधी बोलणारा. रंग लागला म्हणून मी लावलं तर टेबलावरचे तीन बदाम बघून ते सावध होतात आणि पॅक करतात. चेक केलं तर तेही चेक करतात आणि एक अख्खी फेरी फुकट जाते. पान तेच, पण जागा चुकीची असली की कमाई निम्मी.

बदाम नाही आला तरी जागा कामाला येते. ते चेक म्हणाले की मीही चेक म्हणतो आणि रिव्हरचं पान फुकट बघतो. आधी बोलणाऱ्याला ही सोय नाही. तो चेक म्हणाला की मागचा माणूस लावतो, आणि पुन्हा भाव मोजा नाहीतर उठा.

शेवटी बोलणाऱ्याकडे आणखी एक हत्यार असतं. समजा फ्लॉपवर कंडक्टरसाहेबांनी काही लावलंच नाही. परातीत १०० आहेत. मी ६० लावले. हातात काही नसताना लावलेली ती निव्वळ थाप असती तर ते शंभरात किमान ३७-३८ वेळा पळायला हवेत, नाहीतर मला तोटा. पण माझ्याकडे ड्रॉ आहे. ते थांबले तरी पस्तीस टक्के वेळा मी शेवटी जिंकतोय. पुढे कोणी काही लावलं नाही असं धरून मांडणी केली, तर शंभरात बावीस वेळा ते पळाले तरी लावणं हे नुसतं चेक करण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडूने याला ‘सेमी-ब्लफ’ असं नाव दिलं. अर्धी थाप, अर्धं खरं. मात्र समोरचा पक्का असेल आणि त्याने उलट वाढवून मारलं, तर फुकट मिळणारं पान आपण स्वतःच्या हाताने महाग करून घेतलं असं होतं. आमचे काजूवाले कधीच पॅक करत नाहीत, त्यांच्यासमोर ही अर्धी थाप काहीच कामाची नाही. म्हणजे इथेही माणूस ओळखणं आलं.

नो-लिमिटचा खरा चिमटा शेवटी. त्याच फ्लॉपवर, १०० च्या परातीत, कंडक्टरसाहेबांनी ३०० पुढे सरकवले, सगळेच. आता मला ३०० मोजून ४०० साठी भांडायचंय. लागतात जवळजवळ ४३ टक्के. दोन्ही पानं बघायला मिळतील हे धरूनही माझ्याकडे ३५. पुढे अजून काही काढता येईल म्हणावं तर त्यांच्याकडे उरलंच काही नाही. शेवटी बोलण्याच्या जागेचाही आता उपयोग नाही, कारण बोलायचंच संपलं. हात सुंदर आहे, जागा उत्तम आहे, आणि बरोबर उत्तर आहे पॅक.

आणि हो, लागलेला रंगही हरतो. कोणाच्या हातात बदामाचा एक्का आणि आणखी एक बदाम असेल तर माझी नव्वी त्याच्यापुढे काय करणार? टेबलावर जोडी पडली तर समोर फुल हाउसही असू शकतं. ड्रॉ घेताना ‘लागला तर’ एवढंच बघून चालत नाही, ‘लागूनही हरलो तर किती जातील’ तेही बघावं लागतं.

आता सांगा, यात कौशल्य नाही असं कोण म्हणेल? पान कोणतं येणार ते नशीब. पण त्या पानाला किती मोजायचं, कुठल्या जागेवरून, कोणाविरुद्ध आणि कधी सोडायचं, हे सगळं शिकण्याचं काम आहे. शंभर डाव चांगला खेळणारा आणि शंभर डाव वाटेल तसं खेळणारा यांचे चिंचोके रात्री अकराला सारखे नसतात.

कोर्टांचा घोळही याच दोन टोकांत आहे. आपला महाराष्ट्राचा जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि तिथंच तीन पत्त्यांच्या खेळाला नशिबाच्या बाजूला ठेवलं. मग पोकर कुठे बसवायचा? गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, जुगार. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, कौशल्य. एकाच देशात, एकाच कॅटला दोन उत्तरं.

आणि या दोन उत्तरांपैकी जे सोयीचं ते मुलांनी पाठ केलं.

माझा भाचा सव्वीस वर्षांचा. पुण्यात चांगली नोकरी होती. मोबाइलवर पोकर खेळायला लागला, पुढे नोकरी सोडली, ‘प्रोफेशनल’ झालो म्हणाला. तो खेळतो चांगला, हे मी मामा म्हणून नाही, त्याच्यासमोर बसून खेळलेला माणूस म्हणून सांगतो. मग २०२५ चा ऑगस्ट आला. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत की दोन्हीचे, सरसकट बंदीच्या यादीत गेले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठी ॲप झटक्यात थांबली. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात पोचल्या. इकडे भाचा बॅग घेऊन घरी आला.

घरी येऊन त्याने ताईसमोर बेत मांडला. पणजीला मांडवीत बोटी आहेत, आपल्याकडून दीड तासाचा रस्ता. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत आणि बोटींवर परवाना मिळतो. एकवीस पूर्ण असले की आत जाता येतं. ऑनलाइनची बंदी तिथं लागू नाही. फक्त भांडवल हवं. आणि भांडवल म्हणजे काय, तर ताईच्या नावावरची काजूची बाग. तिच्यावर पाच लाखांचं कर्ज काढायचं, वर्षात फेडून टाकायचं.

ताईने मला बोलावलं. भाचा म्हणाला, “मामा, ह्यो नशिबाचो खेळ नाय. हायकोर्टान सांगलेला आसा.”

मी म्हटलं, “मान्य. पण तां पान बघूक तू किती पैसे मोजतंस, ता आधी सांग.”

त्याला वाटलं मी परातीतला भाव विचारतोय. तो त्याला तोंडपाठ होता. मी विचारत होतो वेगळा भाव, जो परातीत दिसत नाही. तोंडी सांगून त्याला पटेना, म्हणून शनिवारी पडवीत बसवला आणि परातीशेजारी बिस्किटाचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. नियम एकच: प्रत्येक डाव जिंकणाऱ्याने परातीतले शंभराला पाच त्या डब्यात टाकायचे. कॅसिनो आणि ॲप यांची पोकरमधली कमाई अशीच असते. ते तुमच्याविरुद्ध खेळत नाहीत. टेबल मांडून देतात आणि परातीतून आपला वाटा काढतात, त्याला रेक म्हणतात. टक्के जागोजागी वेगळे असतात, कमाल मर्यादाही असते, आम्ही सोयीसाठी सरळ पाच धरले.

सहा जण, प्रत्येकी ५००, एकूण ३००० चिंचोके. साठेक डाव झाले. अकराला मोजणी केली. औषधवाले ३४० ने पुढे. भाचा ९५ ने पुढे. बाकी चौघे मागे. आणि डब्यात ६१२. ज्याने एक पान हातात घेतलं नाही, एकदा थाप मारली नाही, ना कधी पॅक केलं, तो त्या रात्रीचा सगळ्यात मोठा विजेता. अशा पाच रात्री झाल्या की सहाही जण कफल्लक आणि सगळे चिंचोके डब्यात. मग आमच्यात कोण किती कुशल याला काय अर्थ राहिला? कौशल्य होतंच. पण ते आमच्या-आमच्यात वाटणी करण्यापुरतं होतं. डब्यापुढे नाही.

मग मघाचा बदामाचा डाव त्याच्याकडूनच पुन्हा मांडून घेतला, डबा धरून. रेक नसताना रंग लागल्यावर ६१ काढायचे होते. पाच टक्के गेल्यावर तो आकडा झाला ७९. म्हणजे डबा फक्त जिंकलेल्या परातीतूनच खातो असं नाही, तो काठावरचे कितीतरी ड्रॉ मुळातच खेळण्याच्या लायकीचे ठेवत नाही. टेबलावर नुसतं बाकीच्यांपेक्षा बरं असून भागत नाही, डब्याचं पोट भरूनही वर उरेल इतकं बरं असावं लागतं. आणि बोटीवर समोर बसणारे आमचे काजूवाले नसतात.

सरकारचाही डबा असतो, तोही विसरू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोला ४० टक्के आहे. आधी कर, मग बंदी, आणि बंदी नाही तिथं जास्त कर. मी सरकारवर टीका करायची म्हणून हे म्हणत नाही. ऑनलाइनवरच्या बंदीने खूप घरं वाचली असतील असं मला मनापासून वाटतं. सांगायचं इतकंच, की या टेबलावर सरकार सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलतं. बटन कायम त्यांच्याच समोर. ते सरकत नाही. हे माहीत असताना एखाद्या कोर्टाच्या निकालावर आयुष्याची मांडणी करणं म्हणजे आधी बोलणाऱ्याच्या जागेवरून ड्रॉ खेळणं.

महाराष्ट्रात कॅसिनो आणा, रोजगार वाढेल, असंही अधूनमधून कोणी बोलतं. आपल्याकडे कॅसिनोंचा कायदा १९७६ मध्ये झाला होता हे अनेकांना माहीत नाही. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पुन्हा कोणी तो विषय काढला तर आपण सिंधुदुर्गकरांनी एक साधा प्रश्न विचारावा: डबा कोणाचा, आणि त्यात पडणारे चिंचोके कोणाच्या बागेतले?

भाच्याकडे वळतो. त्याला मी आणखी एक हिशेब घालून दिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. धर, तू प्रत्येक ड्रॉ बरोबर भावात खेळलास. पस्तीस टक्क्यांचा हात, भाव चांगला, डबा धरूनही फायद्याचा. तरी तो शंभरात पासष्ट वेळा हुकणार. सलग पाच वेळा हुकण्याची शक्यता शंभरात साडेअकरा. म्हणजे काहीही न चुकता, साधारण नवात एकदा तुझे सलग पाच डाव जातात. ज्याचे चिंचोके परत डब्यात जाणारे आहेत तो सहावा डाव शांतपणे खेळतो. ज्याचं पाचव्या डावाला आईच्या बागेचं सगळं कर्ज संपलंय त्याला सहावा डावच नाही. सरासरी ही दीर्घकाळ टेबलावर टिकणाऱ्याला मिळते. भाव बरोबर असणं वेगळं आणि तो भाव आपल्याला झेपणारा असणं वेगळं.

तो म्हणाला, “आतापर्यंत एवढे वर्ष घातले, ते फुकट घालवू?” हे वाक्य मी पडवीत दर शनिवारी ऐकतो. ‘एवढे लावलेत, आता कसं सोडू.’ परातीत गेलेले चिंचोके आपले राहिलेले नसतात, ते परातीचे असतात. पुढचं पान घ्यायचं की नाही हे पुढच्या भावावरून ठरतं, मागच्यावरून नाही. हे त्याला टेबलावर पक्कं माहीत आहे. टेबलावरून उठल्यावर लागू करायला जड जातंय, इतकंच.

काय झालं पुढे? सिनेमासारखं काही झालं नाही. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. बागेचे कागद ताईने माझ्या कपाटात आणून ठेवलेत आणि किल्ली स्वतःकडे ठेवलीय. तो सध्या कुडाळला एका ठिकाणी हिशेबाचं काम बघतो, पगार पुण्याच्या निम्मा. पणजीला जायचं त्याच्या मनातून गेलंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून एक वही केली. ॲपवर किती भरले, किती काढले, महिन्यावार, बँकेच्या पासबुकावरून. शेवटचा आकडा त्याने ताईला दाखवला, मला नाही. मी विचारलाही नाही.

पालकांना माझं एवढंच सांगणं. मुलगा ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. तो बरोबर आहे, आणि वादात तुम्हीच हराल. त्यापेक्षा वही मागा. पुढचं पान बघायला एकूण किती जातात, डब्यासकट, ते त्याच्याकडून लिहून घ्या. त्याच्यानंतर बोलणारा कोण आहे ते विचारा. आणि गेले तर कोणाचे जाणार, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर विचारा, एकट्यात नको.

शाळा-कॉलेजातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही विनंती: संभाव्यतेचा धडा फळ्यावरच्या पिशवीतल्या लाल-निळ्या चेंडूंवर संपवू नका. मुलांच्या खिशात मोबाइल आहे, त्यात कसली-कसली टेबलं मांडून ठेवलीत ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार बदाम, ४७ पानं आणि एक पत्र्याचा डबा, एवढ्यात एका तासाचं काम होतं.

कोणाला आपल्या मुलाला हे समोर बसून दाखवायचं असेल तर शनिवारी रात्री आठनंतर पडवी उघडी असते. मुलाला घेऊन या. पैसे घरी ठेवून या, चिंचोके आमचे. डबाही आहे.